चार्जर आयसीवर नाव एकाचे, आत चिप दुसरीच: नमुना पाहून माल घेणाऱ्यांसाठी इशारा

एका लिथियम-आयन सेलवर चालणारी उपकरणे जे बनवतात, दुरुस्त करतात किंवा प्रकल्पासाठी सुटे भाग विकत घेतात, त्यांनी हा अनुभव शेवटपर्यंत वाचावा अशी माझी विनंती आहे. ज्या रीतीने आम्हाला फसवण्यात आले ती रीत सुट्या भागांच्या बाजारात जुनी आहे, आणि चार्जर आयसीच्या, म्हणजे सेल चार्ज होताना व्होल्टेज आणि प्रवाह ताब्यात ठेवणाऱ्या चिपच्या, बाबतीत तिचे नुकसान पैशांपुरते राहत नाही. चुकीच्या व्होल्टेजवर चार्ज होणारा सेल फुगतो, आणि वेळप्रसंगी पेटही घेतो.

आमचा पुण्यात छोटा उद्योग आहे. शाळांच्या प्रयोगशाळांसाठी तापमान आणि आर्द्रता मोजणारी, हातात मावणारी उपकरणे आम्ही तयार करतो. त्यात ४०० मिलीअँपिअर-अवर क्षमतेचा एक चपटा सेल असतो. एवढ्या सेलसाठी बाजारात सगळ्यात सहज मिळते ते टीपी ४०५६ या चार्जर चिपचे तयार मॉड्यूल, पण त्यावर बहुधा १.२ किलोओहमचा रेझिस्टर बसवलेला असतो आणि त्यामुळे चार्जिंगचा प्रवाह १००० मिलीअँपिअर ठरतो. १८६५० आकाराच्या मोठ्या सेलला तो चालतो. आमच्या सेलला मात्र त्याच्या क्षमतेच्या अडीचपट होतो. रेझिस्टर बदलून १० किलोओहमचा लावला की प्रवाह १३० मिलीअँपिअरवर येतो, हे खरे आहे. (तयार मॉड्यूल छोट्या सेलला थेट जोडणाऱ्यांनी एवढी एक गोष्ट तरी आज तपासून पाहावी.) तरीही टीपी ४०५६ सेलला ज्या ४.२ व्होल्टपर्यंत चार्ज करते त्यात दीड टक्क्याची, म्हणजे दोन्ही बाजूंना सुमारे ६३ मिलिव्होल्टची मुभा आहे. मुलांच्या हातात जाणाऱ्या वस्तूसाठी आम्हाला ती जास्त वाटली. म्हणून आम्ही मायक्रोचिप कंपनीची एमसीपी ७३८३१ निवडली. तिची मुभा पाऊण टक्का आहे, म्हणजे चांगल्या नगाचे अंतिम व्होल्टेज साधारण ४.१७ ते ४.२३ च्या आतच यायला हवे. पाच पायांची ही छोटी चिप ५ किलोओहमच्या रेझिस्टरवर २०० मिलीअँपिअर देते, आणि तिची स्टेटस पिन (चार्जिंगची स्थिती दाखवणारा पाय) चार्जिंग चालू असताना ग्राउंडकडे, म्हणजे शून्य व्होल्टकडे, ओढते, तर पूर्ण झाल्यावर पुरवठ्याच्या बाजूला वर जाते. त्यामुळे एकाच पिनवर लाल आणि हिरवा असे दोन्ही एलईडी चालवता येतात.

२०२१ मध्ये जगभर चिपची टंचाई होती आणि अधिकृत वितरकांकडून पुढच्या पुढच्या तारखा मिळू लागल्या. शाळांच्या मागण्या तर ठरलेल्या होत्या. त्या काळात एका व्यापाऱ्याने आमच्याशी संपर्क साधला. एका मोठ्या कारखान्याचा उरलेला माल आपल्याकडे आला आहे, नमुने तपासून पाहा आणि मगच पैसे द्या, असे त्याचे बोलणे होते. पट्टीतून कापलेले काही नमुने त्याने पाठवले. ते आम्ही बोर्डावर लावून तपासले आणि ते प्रत्येक कसोटीला उतरले, कारण ते अस्सलच होते. फसवणुकीचा सगळा पाया इथेच असतो. नमुना खरा द्यायचा, त्याच्या जोरावर आगाऊ रक्कम घ्यायची आणि तीन-तीन हजार नगांच्या रिळांत दुसराच माल भरून पाठवायचा. रिळांवरची लेबले, बारकोड, ओलावा न शिरणाऱ्या पिशव्या, सगळे हुबेहूब होते.

पहिली तक्रार शिक्षकांकडून आली. रात्रभर चार्जिंगला लावले तरी दिवा हिरवा होत नाही, लाल आणि हिरवा दोन्ही मिणमिणत राहतात, असे ते सांगत होते. या एका वाक्यातच निदान होते. बाजारात टीपी ४०५४ आणि तिच्या जातीच्या अतिशय स्वस्त चिप मिळतात. त्यांच्या पाचही पायांची मांडणी एमसीपी ७३८३१ सारखीच असते आणि प्रवाह ठरवण्याचे सूत्रही तेच, त्यामुळे त्या त्याच बोर्डावर बसतात आणि चार्जही करतात. मात्र त्यांची स्टेटस पिन फक्त ग्राउंडकडे ओढू शकते, वर ढकलू शकत नाही. चार्जिंग संपल्यावर ती मोकळी सुटते आणि ५ व्होल्टच्या पुरवठ्यावर लाल व हिरवा एलईडी एकापुढे एक जोडल्यासारखे होऊन दोन्ही मंद पेटतात.

मग आम्ही रिळातले नग काढून पाहिले. ॲसिटोनमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा चिपच्या माथ्यावर घासला तेव्हा कापूस काळा झाला, वरची अक्षरे पुसली गेली आणि भिंगाखाली पॉलिश पेपरने घासल्याच्या समांतर रेघा दिसू लागल्या. मूळ छाप खरवडून काढून, वर काळा लेप देऊन नवी अक्षरे उमटवलेली होती. काही लेप ॲसिटोनलाही दाद देत नाहीत, त्यामुळे कापूस पांढरा राहिला म्हणून माल अस्सल ठरत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

दिव्याची गोष्ट गैरसोयीची, पण व्होल्टेजची गोष्ट गंभीर होती. पूर्ण चार्ज होत आलेल्या सेलच्या टोकांवर काही नगांत ४.२० व्होल्ट मिळाले, तर त्याच रिळातल्या दुसऱ्या काही नगांत ४.२८. मल्टिमीटरची स्वतःची चूक अर्धा टक्का, म्हणजे सुमारे २१ मिलिव्होल्ट असू शकते, म्हणून आम्ही दुसऱ्या मीटरवरही खात्री करून घेतली. अनेकांचा असा समज असतो की सेलवर संरक्षण सर्किट असले की चार्जर कसाही चालतो. हा समज घातक आहे. डीडब्ल्यू ०१ सारखी संरक्षण चिप साधारण ४.३ व्होल्टला चार्जिंग तोडते, चार्जर ४.२८ ला थांबत असेल तर तिला काहीच वावगे दिसत नाही आणि सेल दर चार्जिंगला मर्यादेबाहेर जात राहतो. इलेक्ट्रोलाइटचे विघटन होऊन आत वायू साठतो आणि चपटा सेल फुगू लागतो. आमच्याकडे परत आलेल्या काही उपकरणांचे मागचे झाकण याच कारणाने उचलले गेले होते. ती सगळी उपकरणे आम्ही शाळांकडून परत मागवली.

तिसरा दोष गोदामात उघड झाला. चार्जर जोडलेला नसताना अस्सल चिप सेलमधून जास्तीत जास्त २ मायक्रोअँपिअर ओढते. या नगांपैकी काही ४० च्या आसपास ओढत होते, म्हणजे महिन्याला जवळजवळ २९ मिलीअँपिअर-अवर. अर्धवट चार्ज करून ठेवलेले उपकरण काही महिन्यांत रिकामे होऊन पडते. हे मोजायला महाग साधन लागत नाही. यूएसबी काढून टाकावी, सेल आणि चिपची बॅटरी पिन यांच्यामध्ये १ किलोओहमचा रेझिस्टर घालावा आणि त्याच्यावरचे मिलिव्होल्ट वाचावेत. जितके मिलिव्होल्ट तितके मायक्रोअँपिअर.

व्यापाऱ्याला आम्ही मोजमापे आणि छायाचित्रे पाठवली. सोल्डर केलेला माल परत घेतला जात नाही, हे त्याचे पहिले उत्तर होते. दुसरे उत्तर अधिक बोलके होते: बिलात मायक्रोचिपचे नाव कुठे आहे ते दाखवा. बिलावर खरोखरच एचएसएन ८५४२ (मालाच्या वर्गवारीचा क्रमांक), ‘आयसी’ आणि नगांची संख्या यापलीकडे काही नव्हते, जरी आमच्या मागणीपत्रात कंपनीचे नाव आणि पूर्ण क्रमांक लिहिलेला होता. बिल असे मोघम ठेवणे हा योगायोग नसतो. वस्तू विक्री अधिनियम, १९३० च्या कलम १५ नुसार वर्णनावरून विकलेला माल त्या वर्णनाशी जुळलाच पाहिजे, आणि कलम १७ नुसार नमुन्यावरून विकलेला माल नमुन्याशी. आमच्या वकिलांनी याच कलमांच्या आधारे, मागणीपत्र आणि जपून ठेवलेले नमुने जोडून नोटीस पाठवली, तेव्हा कुठे न उघडलेल्या रिळांचे पैसे परत मिळाले. वापरलेल्या मालाचा वाद अजून चालू आहे.

म्हणून बिलावर उत्पादकाचे नाव आणि शेवटच्या अक्षरापर्यंतचा पूर्ण क्रमांक लिहून घेतल्याशिवाय रक्कम देऊ नये. एमसीपी ७३८३१ च्या क्रमांकात रेघेनंतरचा २ हा अंक ४.२० व्होल्ट दाखवतो. ३, ४ आणि ५ हे अनुक्रमे ४.३५, ४.४० आणि ४.५० व्होल्टचे प्रकार आहेत, आणि ते अस्सल असले तरी साध्या सेलला घातकच. नमुन्यातले काही नग न वापरता, तारीख घालून, बाजूला ठेवावेत. रीळ आल्यावर नग फक्त सुरुवातीचे न घेता मधले आणि शेवटचेही काढून तपासावेत, कारण वरचे काही नग खरे ठेवून खाली भेसळ करणारेही आहेत.

टंचाईच्या त्या काळात कोणी खुल्या बाजारातून या चिप घेऊन उपकरणांत लावल्या असतील, तर चार्जिंग पूर्ण झाल्यावर स्टेटस पिन खरोखर ५ व्होल्टच्या जवळ जाते का आणि सेलवर ४.२३ पेक्षा जास्त तर येत नाही ना, हे एकदा मोजून पाहावे. सेल फुगलेला आढळला तर तो दाबू किंवा टोचू नये, पुन्हा चार्ज करू नये आणि सुक्या कचऱ्यात टाकू नये. धातूपासून दूर, वाळूच्या डब्यात ठेवून तो अधिकृत ई-कचरा संकलन केंद्रात द्यावा.