भरड्याला हळदीचा वास आला तर घेऊ नका

सांगलीत किंवा आसपास कुणी बदकांसाठी सुटा मक्याचा भरडा घेत असेल आणि त्याला हळदीचा वास येत असेल, तर कृपया घेऊ नका. आमची सात पिल्लं त्यात गेली.

आम्ही हरिपूरला राहतो. खुडुक कोंबडीखाली बदकाची अंडी ठेवली होती. कोंबडीचं पिल्लू २१ दिवसांत निघतं, बदकाला २८ लागतात, तरी ती माउली उठली नाही. नऊ पिल्लं निघाली. धाकटी लेक शाळेतून आली की दप्तर टाकून आधी त्यांच्याकडे धावायची. ही २०१९ ची गोष्ट. ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली होती, त्याच वर्षीची दिवाळी तोंडावर आली होती.

नेहमीचं कंपनीचं खाद्य संपलं म्हणून एका खाद्यविक्रेत्याकडे गेले. तो म्हणाला, "ताई, मका आन् शेंगपेंडीचा भरडा न्या की. निम्म्या भावात हाय. हळद घातलीया, पिल्लास्नी रोग हुत नाही."

मूठभर हातात घेतला तर दमट लागला. तसं म्हटल्यावर हसला. "बदकाला काय हुतंय? गाळातलं खाऊन जगणारं पाखरू ते!"

हळदीच्या पेठेत वाढलेली मी. हळद औषधी, हे लहानपणापासून ऐकलेलं, म्हणून विश्वास बसला. पोत्यावर लेबल नव्हतं, तोंड सुतळीनं हातशिलाईचं होतं. बिल मागितलं तर चिटोऱ्यावर नुसता आकडा लिहून दिला. हे सगळं मी डोळ्यांनी पाहिलं होतं आणि तरीही पोतं घरी आणलं.

पाचव्या दिवशी पिल्लं खाईनात. मग लंगडायला लागली, पायांवर जांभळट छटा आली. एकाची मान मागे पाठीकडे ताणली गेली आणि पाय झाडत झाडत ते लेकीसमोरच गेलं. मी पुन्हा त्या दुकानात धावले. त्यानं "पोटात जंतू झालेत" म्हणून अँटिबायोटिकची पुडी साडेचारशे रुपयांना विकली. आपण काय विकलंय हे माहीत असताना विकली, असं माझं आजही ठाम मत आहे. त्या पुडीच्या भरवशावर दोन दिवस गेले आणि नवातली दोनच पिल्लं राहिली.

पशुवैद्यक डॉक्टरांनी मेलेलं पिल्लू उघडून पाहिलं. यकृत पिवळट आणि सुजलेलं. त्यांनी भरडा मागवला, मूठभर पाण्यात टाकला. हळद धुऊन निघाली आणि खाली हिरवट-काळे कण उरले. बुरशी. दमट मक्यावर, शेंगदाण्यावर अस्परजिलस फ्लेव्हस वाढते आणि अफ्लाटॉक्सिन नावाचं विष सोडते. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये शेंगपेंडीतून एक लाखाहून जास्त टर्की पक्षी मेले, तेव्हा या विषाचा शोध लागला. त्या साथीत बदकाची पिल्लंही होती. ती याला फार लवकर बळी पडतात. भरडा उन्हात वाळवला, शिजवला, तरी विष जात नाही, आणि अँटिबायोटिकचा त्यावर काही उपयोग नाही. पुढे एका हमालानं सांगितलं की पुरात भिजलेला मका वाळवून, दळून त्या दुकानात गेला होता.

एवढ्यावर थांबलं नाही. एक पिल्लू अळूच्या वाफ्यात जाऊन मेलं होतं, ते माझ्या नजरेतून सुटलं. त्याच्यावर अळ्या झाल्या आणि आमच्या मोठ्या नरानं त्या वेचून खाल्ल्या. त्याची मान मात्र मागे ताणली नाही, ओल्या फडक्यासारखी जमिनीवर पडली. पंख लोंबले, पापण्या मिटायला लागल्या. डॉक्टर बघताच म्हणाले, बोटुलिझम. कुजणाऱ्या मांसात, जिथं हवा पोचत नाही तिथं, क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम हा जिवाणू वाढतो. त्याचं विष अळ्यांना बाधत नाही, पण त्या खाणाऱ्या बदकाला लुळं करतं. मी सावलीत ठेवून ड्रॉपरनं पाणी पाजत राहिले. पहाटे त्याचा श्वास थांबला.

ग्राहक मंचात जायचं ठरवलं होतं, पण हातात पुरावा काय, तर चिटोरं. म्हणून सांगते, पक्कं बिल घ्या, कंपनीची मशीनशिलाई आणि तारीख पाहा, आणि पोतं फोडताच मूठभर खाद्य पाण्यात टाकून बघा. भिजवलेलं खाद्य तासा-दोन तासांत संपेल एवढंच घाला, उरलेलं लगेच काढून टाका. एक पक्षी जरी दिसला नाही तरी झुडपं धुंडाळा, आणि मेलेला खोल पुरा.

अर्धं पोतं उरलं होतं. शेजारच्या काकांनी ते म्हशीसाठी मागितलं, "वाया कशाला घालवतीस, पोरी?" म्हणाले. अफ्लाटॉक्सिन म्हशीच्या दुधातही उतरतं, हे मला तोवर कळलं होतं. त्यांच्या घरी दोन वर्षांची नात होती. त्यांच्यासमोरच खड्डा खणून, चुना टाकून मी ते पुरलं.