मायएसक्यूएलचं फुलटेक्स्ट सर्च : वाचनालयासाठी वापरून पाहिलं, ५ पैकी साडेतीन स्टार

आमच्या अंबाजोगाईकडच्या एका वाचनालयाची यादी मी सांभाळतो, पगारी नाही, आवड म्हणून. साडेअकरा हजारच्या आसपास पुस्तकं आहेत आणि सगळी नोंद इंग्रजी अक्षरात टाइप केलेली, कारण ज्यांनी आधी भरली त्यांना मराठी टायपिंग येत नव्हतं. सॉफ्टवेअर एकाकडून बनवून घेतलेलं, आत जुनं मायएसक्यूएल, म्हणजे नोंदी साठवणारा डेटाबेस, आणि शब्द शोधायला त्याचंच फुलटेक्स्ट सर्च. तर एक रिटायर गुरुजी आले, म्हणाले नवीन कादंबऱ्या कोणत्या आल्यात बघा. काउंटरवरच्या ताईंनी 'मराठी नॉव्हेल' टाकलं तर शून्य पुस्तकं. मागं कपाटं भरून कादंबऱ्या दिसायल्यात अन् ताई म्हणतात, "गुरुजी, कॉम्प्युटरमध्ये तर एकबी नाही म्हणायलंय." मला लई वाईट वाटलं, ती नोंद करायला पोरांनी दोन उन्हाळे घातले होते.

आधी वाटलं डेटा उडाला. पण डेटा जागेवरच होता. कामून सापडेना ते शोधायला दोन रात्री गेल्या. नोंदींचं टेबल मायआयसॅम प्रकारातलं (मायएसक्यूएलची साठवायची जुनी पद्धत) होतं आणि त्याची जी नेमलेली स्टॉपवर्डची यादी असते, म्हणजे शोधताना सोडून द्यायचे शब्द, त्यात ५४३ इंग्रजी शब्द आहेत, त्यात चक्क 'नॉव्हेल' आहे! इंग्रजीत त्याचा अर्थ 'नवीन' असाही होतो पण वाचनालयाला त्याचा काय उपयोग. हेल्प, वेलकम, सेकंड, सिरियस हे पण त्याच यादीत. मग राहिला 'मराठी', तर तो निम्म्यापेक्षा जास्त नोंदीत होता, आणि साध्या शोधात मायआयसॅम असा शब्दही स्टॉपवर्डच धरतं. दोन्ही शब्द गेले, उरलं काय? आणि तिसरं म्हणजे चारपेक्षा कमी अक्षरांचा शब्द इंडेक्समध्ये, म्हणजे शोधासाठीच्या शब्दसूचीत, जातच नाही, म्हणजे इंग्रजीत टाइप केलेलं 'रान', 'मन', 'बाई' सगळं बाद. दासोपंत, मुकुंदराज सापडायचे ते नावं लांब म्हणून.

माझी खरी तक्रार इथं आहे. शब्द सोडून द्या, काही म्हणणं नाही, पण सांगा तरी. पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसमध्ये नुसतेच स्टॉपवर्ड टाकले तर एक नोटीस तरी येते की शोधात स्टॉपवर्डशिवाय काहीच नाही, इथं गुपचूप शून्य. समोरचा माणूस समजतो पुस्तकच नाही, आणि निघून जातो. म्हणून दीड स्टार कापला.

बाकी दुरुस्ती मात्र सोपी आहे, त्याचं कौतुक करतो. मायएसक्यूएल ५.६ पासून इनोडीबीला, म्हणजे साठवायच्या दुसऱ्या पद्धतीला, पण फुलटेक्स्ट आलंय, टेबल तिकडं नेलं की ती निम्म्या नोंदींची अट जाते आणि यादी फक्त ३६ शब्दांची. पण तीही डोळे झाकून घेऊ नका, त्यात जर्मन 'उंड' आहे आणि इंग्रजी 'अँड' नाही. शिवाय 'ए आर ई' म्हणजे आपलं 'अरे', 'टी ओ' म्हणजे 'तो', 'डी ई' म्हणजे 'दे', आपली रोमन मराठी बरीच त्यात अडकते. 'आयटी'ची पुस्तकं मागणारी पोरं तर दोन्हीकडून मार खातात, शब्द यादीतही आहे आणि इथं लागणाऱ्या कमीत कमी तीन अक्षरांपेक्षा लहानही.

आम्ही आपली यादी केली. एक टेबल, त्यात एकच कॉलम, व्हारचार म्हणजे मजकुराच्या प्रकारचा, नाव 'व्हॅल्यू'च पाहिजे दुसरं चालत नाही, त्यात ऑफ, द, अँड असे मोजके अकरा शब्द. मग सेटिंगमध्ये स्टॉपवर्ड टेबलचं नाव दिलं, कमीत कमी अक्षरं ३ वरून २ केली, सर्व्हर रिस्टार्ट, जुना फुलटेक्स्ट इंडेक्स काढून नवा बनवला. हे शेवटचं विसरू नका, मी पहिल्यांदा विसरलो आणि काहीच बदललं नाही म्हणून अर्धा दिवस सेटिंग तपासत बसलो. स्टॉपवर्ड सगळेच बंद करायचीही सोय आहे पण इंडेक्स उगाच फुगतो.

मराठीचं एक मात्र यादीनं सुटत नाही. आपले ला, चा, नं हे शब्दाला चिकटून येतात, वेगळे सापडतच नाहीत तर सोडणार काय? आणि कादंबरी, कादंबऱ्या, कादंबरीचे हे मशीनला तीन वेगळे शब्द. त्यासाठी ताईंना बूलियन शोधात, म्हणजे चिन्हं वापरून करायच्या शोधात, 'कादंबर' लिहून पुढं चांदणी (*) द्यायला शिकवलंय, इंग्रजी अक्षरातच, त्यात सगळी रूपं येतात. गुरुजींना फोन केलाय, शनिवारी येतो म्हणालेत.