डिकी उघडत नाही: नवी चावी घ्यायची की डिकीचं काम करायचं?

रिमोटने दरवाजे उघडतात, डिकी मात्र उघडत नाही. अशी गाडी घेऊन बरेच जण थेट नव्या चावीची किंमत विचारायला जातात. दरवाजे लांबून नीट उघडत असतील तर रिमोटचा सेल आणि सिग्नल ठीक आहेत. दोष रिमोटवरच्या डिकीच्या बटणात असेल, नाहीतर डिकीत. दुसरी चावी चालवून बघितली की तेही कळतं. याउलट, दरवाजेही गाडीजवळ गेल्याशिवाय उघडत नसतील तर बहुधा सेल उतरलाय. बटण-स्टार्टच्या गाड्या इथे चकवतात. चावी साधारण मीटरभराच्या आत सापडली तरच डिकीवरचं बटण चालतं, त्यामुळे सेल मंदावला की डिकी बिघडल्यासारखी वाटते.

म्हणून आधी सेल. बऱ्याच चाव्यांत सीआर २०३२ असतो, म्हणजे २० मिमी रुंद आणि ३.२ मिमी जाड. काहींत २०२५ किंवा १६२० असतो. पातळ सेल बसतो खरा, पण आतल्या धातूच्या पट्टीला नीट टेकत नाही आणि रिमोट कधी चालतो, कधी नाही. नवा सेल ३ व्होल्टच्या थोडा वर असतो. मल्टीमीटरवर २.८ च्या खाली दिसला की बदला. पट्टीवर हिरवट थर असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. आपल्या कोकणातल्या दमट, खाऱ्या हवेत हा थर लवकर धरतो.

सेल बदलूनही रिमोट गप्प, पण इंजिन सुरू होतं? मग नवी चावी घेऊ नका. इंजिनला परवानगी देणारी इमोबिलायझरची चिप वेगळी असते. तिला सेल लागत नाही, गाडीतली कॉइलच तिला वीज पुरवते. बटणं दबून फाटली असतील तर नुसतं शेल, म्हणजे चावीचं बाहेरचं कवच, बदलून भागतं, आत बटणाचा बारीक स्विच गेला असेल तर मोबाइल दुरुस्तीवाला तो सोल्डर करून देतो. शेल बदलताना एकच धोका: काही चाव्यांत चिप सर्किटवर नसते, जुन्या शेलच्या खाचेत तांदळाच्या दाण्याएवढी चिकटवलेली असते. जुनं शेल टाकलंत तर चिपही गेली, आणि गाडी सुरू होणार नाही.

चावी हरवली असेल तर प्रश्न वेगळा. चावीवाला चिपची नक्कल करतो. ते स्वस्त आणि लवकर होतं, पण गाडीला ती जुनीच चावी वाटते आणि हरवलेलीही चालूच राहते. मशीन लावून नव्याने नोंद केली तर हरवलेली गाडीच्या यादीतून काढता येते, मात्र तिचं पातं दरवाजा उघडतच राहतं. चावी किनाऱ्यावर पाण्यात गेली असेल तर नक्कल पुरे. बाजारात पडली असेल तर नोंदच करा. नोंदीच्या वेळी घरातल्या सगळ्या चाव्या बरोबर न्या, कारण बऱ्याच गाड्यांत समोर नसलेली चावी बाद होते. जुन्या बाजारातली बटण-स्टार्टची चावी घेऊ नका. अनेक मॉडेलांत ती पहिल्या गाडीलाच बांधलेली असते. सगळ्याच चाव्या गेल्या असतील तर आरसी, ओळखपत्र आणि पोलिसांकडची हरवल्याची नोंद घेऊन शोरूम गाठणं बरं. गणपतीच्या तोंडावर तिथे नंबर लागणं कठीण, तेव्हा एकच चावी उरली असेल तर दुसरी आधीच करून ठेवा.

आता डिकी. इथे शोरूमपेक्षा चांगला वायरिंगवाला बरा, कारण शोरूमचा कल अख्खा भाग बदलण्याकडे असतो. बटण दाबून कान द्या. ‘टक्’ आवाज येतो पण डिकी सुटत नाही, म्हणजे लॅच (डिकी अडकवून धरणारी कडी) जाम आहे किंवा डिकीच्या कडेचा रबर चिकटलाय. कुणाला तरी डिकी खाली दाबायला सांगून बटण दाबा, बहुतेकदा सुटते. मग लॅच साफ करून पांढरं लिथियम ग्रीस लावा, पण बेताने; जास्त झालं की जांभ्याची लाल धूळ त्यात बसते. मासळीचा बर्फाचा डबा डिकीत नेणाऱ्यांचा लॅच खारं पाणी लागून गंजतो. तो साफ करण्यात वेळ घालवू नका, बदला.

आवाजच नसेल तर आधी फ्यूज, मग नंबरप्लेटच्या वरचा रबरी स्विच. रबर तडकून आत पाणी शिरलेलं असतं. डिकीबरोबर नंबरप्लेटचा दिवा किंवा मागचा वायपरही बंद असेल तर स्विचला हात लावू नका. बिजागरीजवळच्या रबरी नळीत वायर तुटलेली असणार, उघडझाप होऊन ती तिथेच मोडते. पीळ देऊन टेप गुंडाळली तर ती एक पावसाळा काढत नाही. मऊ, बहुतारी वायरचा तुकडा घालून, जोड वळणाच्या बाहेर ठेवून, सोल्डर आणि हीटश्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) करून घ्या. चिपळूणच्या जुलै २०२१ च्या पुरात बुडालेली गाडी असेल तर लॅच बदलण्याआधी कनेक्टरच्या पिना बघा.

काम झालं की डिकी लगेच आपटू नका. ती उघडी असतानाच स्क्रूड्रायव्हरने लॅचची जीभ बंद स्थितीत ढकला आणि बटण दाबा. सुटली तरच डिकी लावा. नाहीतर मागची सीट पाडून, आतून झाकण काढून लॅच सोडवायची वेळ येते.