बर्लिनच्या खोलीचे पैसे आणि निपाणीच्या मुलाचा पासपोर्ट

जर्मनीला मास्टर्ससाठी निघालेल्या पोरांनो, आणि त्यांच्या आईबापांनो, तुमच्यासाठी लिहितेय. आमचे एक लाख साठ हजार रुपये गेले. नेणारा आपली बेळगावी मराठी बोलत होता.

मुलगा व्हीटीयूचा, म्हणजे बेळगावच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीचा बीई. डिग्री तपासल्याचं एपीएस सर्टिफिकेट झालं, वर्षाच्या राहण्याच्या खर्चाचे ११,९०४ युरो व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाऊंटला भरले, व्हिसा आला. राहिली फक्त खोली. बर्लिनच्या विद्यार्थी वसतिगृहांची वेटिंग लिस्ट लांबलचक, आणि ऑक्टोबरचं सेमिस्टर तोंडावर आलेलं.

नव्या विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सगळे लिहितात तसं त्यानंही लिहिलं: नाव, युनिव्हर्सिटी, उतरण्याची तारीख, गाव बेळगाव. चोराला लागणारी सगळी माहिती त्या एका ओळीत होती. रात्री एकाचा वेगळा मेसेज आला. मूळचा निपाणीचा, बर्लिनला शिकलेला, आता नोकरीसाठी म्युनिकला चाललाय, खोली रिकामी होतेय. माझ्याशीही फोनवर बोलला. "काकू, काळजी करू नका वो, मी हाय की." मग खडे बाजारातली गर्दी निघाली, कुंदा निघाला, निपाणीचा तंबाखू निघाला, व्हीटीयूचे बॅकलॉग निघाले. आम्ही बेळगावातल्या शहापूरची माणसं. सरकारी कागद कन्नडमध्ये, दुकानाच्या पाटीवरून वाद, अशात वाढलेलो. परक्या देशात आपल्या भाषेत बोलणारा माणूस भेटला की आम्हाला तो घरचाच वाटतो, आणि हे त्याला नेमकं ठाऊक होतं.

नुसत्या बोलण्यावर आम्ही गेलो नाही बरं का. त्यानं पासपोर्टचे फोटो पाठवले, पहिलं पान आणि शेवटचं. शेवटच्या पानावर आईवडिलांची नावं आणि निपाणीचा पत्ता. आमच्या ह्यांनी निपाणीतल्या एका ओळखीच्यांना विचारलं. गल्ली खरी, त्या आडनावाचं घर खरं, मुलगा जर्मनीत आहे हेही खरं. याच्यावर आणखी काय बघायचं?

भाडं महिना ४०० युरो. तीन महिन्यांचं डिपॉझिट आणि पहिलं भाडं आधी द्यायचं, कारण "मालक जर्मन आहे, कडक आहे." बँकेतून युरो पाठवले तर फॉर्म, चार्जेस, वेळ जाणार. त्यापेक्षा "माझ्या मेव्हण्याचं इंडियात खातं आहे, रुपयेच टाका, मी इकडं मालकाला युरो देतो." यूपीआयवर नाव भलत्याच प्रांतातलं दिसलं. विचारलं तर म्हणाला, बहीण तिकडं दिलीय. एका दिवसात लाखाच्या वर जात नाहीत म्हणून उरलेले साठ हजार दुसऱ्या दिवशी गेले. करारासाठी म्हणून मुलाचा पासपोर्ट आणि अ‍ॅडमिशन लेटरही त्यानं मागून घेतलं.

मुलगा बॅगा ओढत त्या पत्त्यावर पोचला. इमारत होती. तिकडं बेलच्या पाटीवर फ्लॅटचा नंबर नसतो, राहणाऱ्याचं आडनाव असतं, आणि टपालही त्या आडनावावरच येतं. त्या पाटीवर आपल्याकडचं एकही आडनाव नव्हतं. फोन बंद.

आता काही गोष्टी नीट ऐका. जर्मन कायद्यानं डिपॉझिट जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकं घेता येतं, हीटिंगचा खर्च त्यात धरायचा नाही. तेही भाडेकरूला तीन हप्त्यांत देता येतं, आणि पहिला हप्ता भाडेकरार सुरू होताना. मालक कडक असला तरी कायदा त्यालाही आहेच. दुसरं, राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करावी लागते. पोरं त्याला अनमेल्डुंग म्हणतात. त्यासाठी घर देणाऱ्याच्या सहीचा कागद लागतो, आणि टॅक्स आयडीपासून पुढचं बरंच काही त्या नोंदणीवर अडतं. याबद्दल विचारलं तेव्हा हा म्हणाला होता, "ते नंतर बघू." असं म्हणणाऱ्याकडं एकतर चोरून दिलेली खोली असते, नाहीतर खोलीच नसते. पहिले काही आठवडे हॉस्टेलचं महागडं बेड परवडलं; खोली तिथं जाऊन, डोळ्यांनी बघून घ्या. आणि भाडं बर्लिनचं असेल तर ते इंडियातल्या कुणाच्या मेव्हण्याच्या खात्यावर जायचं काही कारण नाही.

इथं आम्ही सायबर फसवणुकीच्या १९३० नंबरला फोन केला, मग सायबर गुन्हे बघणाऱ्या सीईएन पोलिस ठाण्यात गेलो. तक्रार कन्नडमध्ये द्यायची होती. तिथल्या पोलिसानं मराठीत विचारून विचारून स्वतः लिहून घेतली, हेही सांगायला हवं. पैसे तोवर एका खात्यातून दुसऱ्यात, तिसऱ्यात गेलेले. थोडी रक्कम बँकेनं गोठवली आहे, ती कोर्टाच्या आदेशानंतर मिळेल म्हणतात. फसवल्याचं कळल्या कळल्या फोन केला तर जास्त अडवता येतं. आम्हाला कळलंच मुलगा तिथं उतरल्यावर.

मग निपाणीच्या त्या घरी फोन लावला, भांडायलाच. त्या मुलाच्या आईनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आमचेबी गेलेत वो." आदल्या वर्षी त्यांच्या मुलानंही खोलीच्या करारासाठी पासपोर्ट पाठवला होता. तोच फोटो आम्हाला खात्री पटवायला वापरला गेला. म्हणून सांगते, प्रत द्यायचीच वेळ आली तर तिच्यावर आडवं लिहा: कशासाठी, कुणाला, कुठल्या तारखेला. पत्त्याचं पान देऊच नका.

आता आमच्या मुलाचा पासपोर्ट फिरतोय. परवा चिकोडीहून एका गृहस्थांचा फोन आला, पासपोर्टवरच्या पत्त्यावरून शोध घेत आमच्यापर्यंत पोचले. "तुमचा मुलगा बर्लिनला खोली देतोय न्हवं?" त्यांनी पैसे टाकले नव्हते. त्यांना दिलेला खातेक्रमांक आम्ही पोलिसांच्या तक्रारीत जोडलाय. आणखी कुणाला शहापूरच्या पत्त्याचा पासपोर्ट दाखवून बर्लिनची खोली कुणी देऊ केली, तर आमच्या मुलाकडं द्यायला खोली नाही. तो अजून मित्राच्या खोलीत गादी टाकून झोपतोय.