साडेचौदा हजारांत रिकामा डबा : जुन्या गाडीचा सायलेन्सर बदलणाऱ्यांनी वाचा

आकडे आधी सांगतो. १४,५०० रुपये मी माझ्या हाताने दिले, त्यातले ५,००० फोनवरून आणि ९,५०० रोख. खरं काम होतं ३,८५० रुपयांचं. आणि झालेलं काम निस्तरायला पुढे २४,१०० गेले. एकूण ३८,६००. गाडी उभी राहिली त्या चार दिवसांचं भाडं ह्यात धरलेलं नाही.

गाडी १४ फुटी, २०१८ चं मॉडेल, बीएस-४ (धुराच्या सरकारी नियमांचा टप्पा). पिंपळगावहून टोमॅटो नाहीतर कांदा भरून वाशी, आणि येताना मिळेल तो माल. तक्रार दोनच होत्या. खालून फटफट आवाज यायचा आणि येताना भरलेली गाडी कसारा घाटात ओढायची नाही. वाकून बघितलं तर फ्लेक्सिबलची, म्हणजे इंजिनाचा हादरा खाणाऱ्या लवचिक पाइपची, जाळी फाटलेली, भोवती काजळी, आणि सायलेन्सरच्या शिवणीला गंजून बोटभर भोक. इगतपुरी-घोटीच्या पावसात आठ वर्षं फिरलेल्या गाडीचं हे होणारच.

कंपनीचा पूर्ण सेट परवडणार नव्हता म्हणून हायवेच्या सर्व्हिस रोडला एका सायलेन्सरवाल्याच्या शेडमध्ये गाडी लावली. अशी दुकानं कशी चालतात हे आपल्या लाइनीत सगळ्यांना माहीत आहे. मलाही माहीत होतं. त्याचाच राग जास्त येतो.

त्याने खाली एकदा बॅटरी मारली आणि म्हणाला, "शेठ, कॅटकॉन चोक झालाय. म्हणून ओढत नाही. पूर्ण सेटच बदलावा लागेल. एसएस ३०४ मध्ये १६,०००, जुन्याचे १,५०० वजा." कॅटकॉन म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, धूर साफ करणारा जाळीचा डबा; एसएस ३०४ म्हणजे स्टेनलेस स्टीलचा एक ग्रेड. चोक झाल्याचं त्याने मोजलं कशाने? कशानेच नाही. कन्व्हर्टर चोक आहे की नाही हे बघायला दहा मिनिटं लागतात. कन्व्हर्टरच्या आधीचा जोड सैल करायचा आणि गाडी थोडी पळवून बघायची. ओढ लगेच परत आली तर अडथळा त्या जोडानंतर, कन्व्हर्टरच्या बाजूला आहे, नाही आली तर दोष दुसरीकडे. ज्याच्याकडे बॅक प्रेशरचा, म्हणजे अडलेल्या धुराचा दाब मोजायचा गेज आहे त्याने गेज लावावा. डब्यावर रबरी हातोडी मारून ऐकावं, आत खुळखुळलं तर जाळी तुटली आहे. सोडवल्यावर एका तोंडातून बॅटरी मारून दुसऱ्या तोंडातून बघावं. ह्यातलं काहीही न करता जो "चोक" म्हणतो, तिथून गाडी काढायची. मी काढली नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे माल भरायचा होता आणि व्यापाऱ्याला शब्द दिलेला होता. ह्या धंद्यात शब्द मोडला की पुढचा फोन येत नाही.

आता जो क्षण डोळ्यांसमोरून जात नाही तो सांगतो.

कन्व्हर्टरला पुढे-मागे फ्लँज (बोल्टने जोडायच्या चकत्या) होते, बोल्ट होते. बोल्टला हात न लावता त्याच्या पोराने दोन्ही बाजूंनी ग्राइंडर मारून डबा कापून काढला. मी म्हटलं, बोल्ट का नाही खोलत? "गंजलेत शेठ, स्टड तुटतील." पटलं, कारण स्टड तुटतात हे खरंच आहे. मग त्या पोराने जुना सायलेन्सर उचलला आणि बाहेर पावसात भंगाराच्या ढिगावर भिरकावला. टेलपाइप भिरकावला. फाटका फ्लेक्सिबल भिरकावला. आणि कन्व्हर्टर मात्र दोन्ही हातांनी उचलून कांद्याच्या बारदानात घातला, तोंड सुतळीने बांधलं आणि शटरच्या आत, टेबलाखाली नेऊन ठेवला. हे सगळं माझ्यापासून चार पावलांवर झालं. हातात चहाचा ग्लास घेऊन मी ते बघत होतो. एकाच गाडीतून निघालेल्या चार भंगार वस्तूंपैकी एकच वस्तू बारदानात का जाते, एवढा एक प्रश्न मला सुचला नाही.

त्या डब्याच्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियमसारख्या धातूंचा थर असतो. भंगारात किंमत त्याची होते, पत्र्याची नाही. नंतर मी दोन भंगारवाल्यांना तशाच डब्याचा भाव विचारला. एकाने ६,००० सांगितले, दुसऱ्याने ७,५००. मला त्याचे १,५०० लावले होते, आणि मी ते सूट समजून खूश झालो होतो. जुना माल सोडायचाच नाही. निघालेला प्रत्येक पार्ट गाडीत टाकून घरी न्यायचा, विकायचा असेल तर स्वतः विकायचा.

एसएस ३०४ चं पण सांगतो. त्याने खिशातून लोहचुंबक काढून टेलपाइपच्या टोकाला लावलं, चिकटलं नाही. माझा हात बॉडीकडे गेला तेव्हा चुंबक परत त्याच्या खिशात होतं. नंतर घरी लावलं तर बॉडीला आणि मधल्या पाइपला घट्ट चिकटलं. साधा लोखंडी पत्रा, वरून चंदेरी रंग. चुंबकाचा भरवसा धरणाऱ्यांनी दोन गोष्टी लक्षात ठेवा. ४०९ ग्रेडचं स्टील खरं एसएस असूनही चुंबकाला चिकटतं, आणि कंपन्या सायलेन्सरला तेच वापरतात, त्यामुळे चिकटलं म्हणजे माल खोटा असं नाही. उलट २०२ ग्रेड चिकटत नाही आणि तरीही ते ३०४ नसतं. २०२ ला ३०४ म्हणून खपवणं सर्रास चालतं. त्यासाठी टेस्टिंगचं थेंबाचं औषध मिळतं, ते समोर टाकून दाखवायला सांगा. कमी पैशात करायचं असेल तर ३०४ चा हट्टच नको. १६ गेजचा चांगला पाइप पुरतो.

गेज मात्र मोजून घ्या. १६ गेज म्हणजे १.६ मिमी जाडी, २० गेज म्हणजे ०.९ मिमी. अडीच इंची पाइप १६ गेजमध्ये मीटरला साधारण २.४ किलो भरतो, २० गेजमध्ये १.४ किलो. व्हर्नियर नसेल तर तराजू चालतो. मला सांगितला १६, निघाला २०. वर अडीच इंचाच्या जागी दोन इंची पाइप. अर्ध्या इंचाने काय फरक पडतो असं वाटतं, पण आतलं क्षेत्र जवळजवळ ३६ टक्के कमी होतं. धूर अडकला की टर्बोवर (धुराच्या जोरावर इंजिनात हवा भरणाऱ्या पंख्यावर) ताण, गाडी तापते, डिझेल जास्त खाते.

त्या संध्याकाळी गाडी खरंच छान ओढली. त्याने शेजारी बसून चक्कर मारून दाखवली आणि म्हणाला, बघा, चोकच होता. मी उरलेले ९,५०० मोजून दिले. पक्कं बिल मागितलं तर म्हणाला १८ टक्के जीएसटी वर, म्हणजे २,६१० आणखी. मी कच्च्या चिठ्ठीवर राजी झालो. ते २,६१० वाचवले म्हणून आज माझ्या हातात दुकानाचं नाव असलेला एक कागद नाही. चिठ्ठीवर "सेट १४५०० नगदी" एवढंच आहे, ५,००० फोनवरून दिलेले असताना.

तेविसाव्या दिवशी फ्लेक्सिबल फाटला. दुसऱ्या मिस्त्रीकडे गाडी वर घेतली. पहिलं त्याने बोट ठेवलं ते इंटरकूलरच्या, म्हणजे इंजिनात जाणारी हवा थंड करणाऱ्या जाळीच्या होजवर. जुन्या, तेलकट होजवर एक कोरा करकरीत क्लॅम्प चमकत होता. १२० रुपयांचा क्लॅम्प. ओढ गेली होती ती हवा तिथून सुटत होती म्हणून. सायलेन्सरवाल्याने खरा दोष गुपचूप काढला आणि श्रेय कन्व्हर्टर बदलल्याला दिलं. फ्लेक्सिबल टर्बोच्या नंतर असतो, तो फाटला तर आवाज होतो, ओढ फारशी जात नाही. हे मला माहीत असायला हवं होतं. माहीत होतंही, पण तेव्हा डोक्यात पहाटेची भरती होती.

मग "नवा कन्व्हर्टर" हातात घेतला तर पत्र्याच्या डब्याइतका हलका. कापला. आत जाळी नाही, नुसता भोकं पाडलेला दोन इंची पाइप आरपार. माझ्या गाडीत कन्व्हर्टरवर सेन्सर नाही, त्यामुळे मीटरवर दिवा लागायचा प्रश्नच नव्हता. पीयूसीपण पास. कारण डिझेल गाडीच्या पीयूसीत धुराचा काळेपणा मोजतात, बीएस-४ ला मर्यादा ५० हार्ट्रिज युनिट. कन्व्हर्टरचं मुख्य काम कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेलं इंधन जाळायचं, ते त्या मशीनला दिसतच नाही. तेव्हा "पीयूसी पास करून देतो" ही गॅरंटी कोणी दिली तर तिला काडीची किंमत नाही. सकाळी थंड गाडी चालू केल्यावर कच्च्या डिझेलचा वास झोंबतो का बघा, ते जास्त खरं बोलतं.

फ्लेक्सिबल फाटायचं कारण सरळ आहे. पाइपची लाइन जुळत नव्हती ती त्याने फ्लेक्सिबल ताणून जुळवली आणि वेल्डिंग मारलं. इंजिन माउंटिंगवर हलतं, तो हलका हादरा खायला फ्लेक्सिबल असतो; वाकडी लाइन ओढून धरायला नाही. बसवताना आधी सगळे जोड आणि हँगर (पाइप टांगून धरणारे रबर) सैल ठेवायचे, टर्बोकडून मागे लाइन जुळवत यायचं, मगच कसायचं. रबर ताणलेलं दिसलं की काम चुकलं. फ्लेक्सिबल घेताना आत डोकावा, आतलं अस्तर नसलेला स्वस्तातला घेऊ नका. पॅकिंग प्रत्येक जोडाला नवं, जुनं परत बसवू देऊ नका. गाडी तापून थंड झाली की नट पुन्हा एकदा कसा. स्टडला आदल्या रात्रीच गंज सोडवायचं तेल मारून ठेवा, म्हणजे "तुटतील" म्हणून ग्राइंडर काढायला कोणाला निमित्त मिळत नाही. गाडीवर वेल्डिंग करायचं तर बॅटरीची वायर काढून, अर्थ वेल्डिंगच्या जवळ. माझ्याकडे बॅटरी न काढताच केलं, ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर) वाचला हे नशीब. आणि पाइप ब्रेकच्या नळीला किंवा वायरिंगला चिकटून जात नाही ना, हे स्वतः खाली झोपून बघा.

माझं खरं काम काय होतं? फ्लेक्सिबल बसवून २,२००, सायलेन्सरला पत्र्याचं ठिगळ १,२८०, पॅकिंग २५०, क्लॅम्प १२०. झाले ३,८५०. आता भरले ते असे : डबा कापून पाइपलाइन परत सरळ करायचे ९००, फ्लेक्सिबल २,२००, जाळीवाला नवा कन्व्हर्टर २१,०००.

परत त्या शेडवर गेलो. तो म्हणाला, जुना डबा तुम्हीच विकलात, १,५०० वजा घेतलेत. चिठ्ठी दाखवली तर म्हणाला, ह्यावर माझं नाव कुठंय?

मग पोलिसांकडे. पहिल्या दिवशी साहेब नाहीत. दुसऱ्या दिवशी दोन तास बाकावर. तिसऱ्या दिवशी एकाने कापलेला डबा हातात फिरवून बघितला आणि विचारलं, "गाडी चालतेय ना? मग फसवणूक कसली? हा तुमचा व्यवहाराचा वाद, दिवाणीत जा." खोटं सांगून माल काढून घेणं ही भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणूक आहे, हे मी सांगितलं तर उत्तर आलं की वकील आहात का. अर्ज घेतला, पोच मागितली तर शिक्का दुसऱ्या टेबलाला आणि दुसऱ्या टेबलाचा माणूस बंदोबस्ताला. पोच मिळायला पाचवा दिवस उजाडला. तिथूनच कोणीतरी गाड्यांच्या पासिंगच्या खात्यात पाठवलं. तिथल्या माणसाने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, दुकानदार आमच्याकडे येत नाही, गाडी येते. कन्व्हर्टर नसलेली गाडी तुम्ही चालवताय, म्हणजे बेकायदा फेरबदल तुमचा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२-अ प्रमाणे मालकाला फेरबदलामागे ५,००० दंड आहे, तो दाखवला मला. ज्याने डबा चोरला त्याला कोणी विचारत नाही, ज्याचा गेला त्याला कलम दाखवतात. मला तिथे ओरडावंसं वाटलं. फोनवरच्या तक्रार कक्षाला सांगितलं तर दुकानाचा जीएसटी नंबर नाही म्हणून तक्रार बंद. आणि ग्राहक म्हणून दाद मागू म्हटलं तर एक जाणकार गृहस्थ म्हणाले, पिवळी पाटी आहे, व्यावसायिक वापर आहे, तुम्ही ग्राहकच नाही.

हे शेवटचं चुकीचं आहे, आणि एक गाडी असलेल्या प्रत्येकाने हे पाठ करून ठेवावं. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये कलम २(७) च्या स्पष्टीकरणात लिहिलं आहे की फक्त स्वतःच्या उपजीविकेसाठी, स्वयंरोजगार म्हणून वापरलेली वस्तू व्यावसायिक वापरात धरत नाहीत. गाडी स्वतः चालवत असाल तर ते अर्जाच्या पहिल्या परिच्छेदात लिहा. मुदत २ वर्षं. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. अर्ज ऑनलाइन होतो.

मी केला आहे. सोबत ५,००० च्या फोन पेमेंटचा स्क्रीनशॉट लावला, त्याच्यावर निदान त्याच्या खात्याचं नाव आहे. रोख दिलेल्या ९,५०० ना तेवढाही पुरावा नाही. कापलेल्या डब्याचे फोटो आणि दुसऱ्या मिस्त्रीचं पक्कं बिल लावलं. काम सुरू होण्याआधी गाडीखालचा एक व्हिडिओ काढला असता तर जुन्या कन्व्हर्टरचा पुरावा पण असता. नव्या कन्व्हर्टरच्या पत्र्यावर गाडीच्या नंबरचे शेवटचे चार आकडे पंचने ठोकून घेतले आहेत, आतून बॅटरी मारून जाळीचा फोटो काढला आहे, आणि कापलेला रिकामा डबा त्याच बारदानासारख्या एका बारदानात बांधून घरी ठेवला आहे. तारखेला तो बरोबर नेणार आहे.