गणिताचं पुस्तक घेताना: इयत्ता नको, अडतं कुठे ते बघा

गणिताचं पुस्तक घ्यायचं म्हटलं की पहिला प्रश्न येतो, "कितवीचं?" त्यातून फारसं काही कळत नाही. एकाच वर्गातल्या तिघांना 3/4 + 1/6 करायला द्या. एक जण अंशात अंश आणि छेदात छेद मिळवून 4/10 लिहितो. दुसरी 11/12 पर्यंत पोचते, पण लसावि काढतानाच थकते. तिसरी चटकन सोडवते आणि कंटाळते. या तिघांना एकच पुस्तक देणं म्हणजे किमान दोघांवर अन्याय आहे.

4/10 लिहिणाऱ्याला समजावून सांगणारं पुस्तक हवं. 3/4 मध्ये भर घातल्यावर उत्तर 3/4 पेक्षा लहान येऊच शकत नाही, हे त्याला अजून दिसलेलं नाही. पट्ट्यांची चित्रं, संख्यारेषा, आणि प्रत्येक पायरी का घेतली हे सांगणारी भरपूर सोडवलेली उदाहरणं त्यात असावीत. स्वेलर आणि कूपर या संशोधकांनी 1985 मध्ये बीजगणितावरचे प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांत सोडवून दाखवलेली उदाहरणं अभ्यासणाऱ्या मुलांना नंतर तशीच गणितं कमी वेळात जमली. अशा मुलाला शंभर गणितांचा सरावसंच दिला, तर तो चूक शंभरदा गिरवेल. पालक नेमकं हेच करतात, याचं मला फार वाईट वाटतं.

सरावसंच त्या दुसऱ्या मुलीसाठी. तिला कळलंय, हात बसायचा आहे. पण दोन सरावसंच शेजारी ठेवून बघा. एकात पानभर फक्त बेरजा, पुढच्या पानावर फक्त गुणाकार. दुसऱ्यात सगळं मिसळलेलं. पहिला सोपा जातो, कारण कोणती रीत वापरायची हे पानाच्या मथळ्यातच सांगितलेलं असतं. परीक्षेत तो मथळा नसतो. रोहरर आणि टेलर या संशोधकांच्या 2007 च्या प्रयोगात घनाकृतींच्या घनफळाची गणितं दोन्ही पद्धतींनी करून घेतली होती. सराव करताना एकेका प्रकाराचा गट पुढे होता. आठवड्याने चाचणी घेतली तेव्हा त्या गटाला सरासरी 20 टक्के, तर मिसळलेल्या गटाला 63 टक्के मिळाले. म्हणून निदान धड्यांनंतरचे मिश्र संच तरी भरपूर आहेत का, ते तपासा. उत्तरं शेवटी असली की पुरे.

तिसऱ्या मुलीला सरावसंच देऊ नका. सविस्तर समजावणारं पुस्तकही तिला आता अडथळाच ठरतं; नवख्याला आधार देणारं स्पष्टीकरण जाणत्याला ओझं होतं. तिला थोडी, पण दिवसभर डोक्यात घोळणारी गणितं हवीत. विषय अपूर्णांकांचाच राहू दे: अंशस्थानी 1 असलेल्या तीन वेगवेगळ्या अपूर्णांकांची बेरीज 1 करून दाखव. 1/2 + 1/3 + 1/6 सापडेल. मग विचारा, दुसरं त्रिकूट का नाही? खरं गणित इथे सुरू होतं. गणितज्ञ जॉर्ज पॉल्यांचं 1945 सालचं 'हाऊ टू सॉल्व्ह इट' अशा मुलांच्या शिक्षकांनी जरूर वाचावं. प्रश्न समजून घेणं, योजना आखणं, ती पार पाडणं आणि मागे वळून तपासणं, हे त्यातले चार टप्पे. या प्रकारच्या पुस्तकात इशारे वेगळे आणि पूर्ण उत्तरं वेगळी छापलेली असली तर ते पुस्तक निवडा.

महाविद्यालयातही हीच निवड समोर येते. कलनशास्त्र (कॅल्क्युलस) वापरायचं असेल, तर आकडेमोडीचं पुस्तक घ्या. ते का चालतं हे हवं असेल, तर स्पिव्हाक यांच्या 'कॅल्क्युलस'सारखं सिद्धतांचं पुस्तक घ्या. मात्र त्याच्या स्वाध्यायांना मुबलक वेळ द्यावा लागतो.

दोन पुस्तकांत अडलात, तर मधल्या धड्यातली दहा गणितं मुलाला एकट्याने करू द्या. दहाही पटापट सुटली तर ते त्याला सोपं आहे. निम्मीही सुटली नाहीत तर सोडवलेलं उदाहरण वाचून पुन्हा करायला सांगा. तरीही जमलं नाही तर खालच्या पातळीचं घ्या, मुखपृष्ठावर कोणतीही इयत्ता छापलेली असो.