पासवर्डावरून एन्क्रिप्शन : पीबीकेडीएफ२, एसक्रिप्ट की आर्गॉन२आयडी?

धुळे-जळगावकडच्या ज्या लहान सॉफ्टवेअर चमूंना आपल्या लायब्ररीत (इतर प्रोग्राम वापरतात त्या तयार कोडात) पासवर्डाने बंद होणाऱ्या बॅकअप फाइलची सोय द्यायची आहे, त्यांच्यापुढे आज मुख्यतः पीबीकेडीएफ२, एसक्रिप्ट आणि आर्गॉन२आयडी हे तीन पर्याय असतात. तिघांचे काम एकच : माणसाच्या लक्षात राहणाऱ्या शब्दापासून एन्क्रिप्शनची, म्हणजे फाइल कुलूपबंद करण्याची, की तयार करणे, आणि तेही इतक्या सावकाश की चोराला कोट्यवधी शब्द चाचपून पाहणे परवडू नये. मात्र रावेरच्या केळी व्यापाऱ्याने या हंगामात बंद केलेली हिशेबाची फाइल पाच वर्षांनी, दुसऱ्या संगणकावर, लायब्ररीच्या पुढच्या आवृत्तीतही उघडली पाहिजे. म्हणून ही तुलना मी ताकदीइतकीच देखभाल आणि चाचणी यांच्या बाजूने करतो आहे.

पीबीकेडीएफ२ हा २००० सालच्या आरएफसी २८९८ (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे क्रमांकित तांत्रिक दस्तऐवज) मधला, आता आरएफसी ८०१८ मध्ये असलेला जुना मार्ग. जावा आणि पायथनच्या मूळ लायब्ररीत तो आयता मिळतो आणि तपासायलाही तोच सर्वांत सोपा आहे. आरएफसी ६०७० मधले टेस्ट व्हेक्टर (ठरलेला पासवर्ड आणि त्याचे अपेक्षित उत्तर अशा जोड्या) १, २ आणि ४०९६ आवर्तनांचे, म्हणजे तेच गणित तितक्या वेळा करण्याचे, आहेत, ते क्षणात चालतात. १,६७,७७,२१६ आवर्तनांचा व्हेक्टर मात्र रात्रीच्या चाचणीत ठेवावा. हे व्हेक्टर एसएचए-१ या हॅशचे (मजकुराचा ठरावीक लांबीचा ठसा काढणाऱ्या गणिताचे) आहेत, एसएचए-२५६ साठीचे आरएफसी ७९१४ मध्ये सापडतात. पीबीकेडीएफ२ ची उणीव अशी की तो फक्त वेळ खातो, मेमरी खात नाही, त्यामुळे ग्राफिक्स कार्डांवर हल्ला स्वस्तात होतो. ओडब्ल्यूएएसपी या वेब-सुरक्षा संस्थेची शिफारस आज एसएचए-२५६ सह ६,००,००० आवर्तनांची आहे आणि असा आकडा वाढतच जाणार. म्हणून तो कोडमध्ये न गाडता फाइलीतच लिहावा. ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीतल्या एन्क (फाइल एन्क्रिप्ट करण्याच्या) आदेशाने २०१६ च्या १.१.० आवृत्तीत मूळ हॅश एमडी५ वरून एसएचए-२५६ केला, पण त्या फाइलीत खूण आणि ८ बाइटचे सॉल्ट (पासवर्डात मिसळायचे यादृच्छिक बाइट) यांपलीकडे काहीच लिहिलेले नसल्याने, जुन्या फाइली बरोबर पासवर्ड देऊनही उघडेनाशा झाल्या.

एसक्रिप्ट २००९ चा आहे आणि तो मेमरीही मागतो : १२८ गुणिले एन गुणिले आर इतके बाइट (एन आणि आर हे आपण ठरवायचे आकडे). आरएफसी ७९१४ च्या शेवटच्या व्हेक्टरला त्यामुळे १ जीबी लागते. पायथनमध्ये मूळ मर्यादा ३२ एमबीची असल्याने, ती मुद्दाम वाढवली नाही तर मोठी मूल्ये नाकारली जातात. तो वाईट नाही, पण नव्या कामासाठी मी तो निवडणार नाही.

आर्गॉन२ ने २०१५ ची पासवर्ड हॅशिंग स्पर्धा जिंकली आणि २०२१ च्या आरएफसी ९१०६ ने आर्गॉन२आयडीसाठी दोन मांडण्या सुचवल्या : २ जीबी मेमरी व १ फेरी, किंवा ६४ एमबी व ३ फेऱ्या. जिनिंगच्या कचेरीतल्या ४ जीबीच्या संगणकावर दुसरीच रास्त ठरते. आरएफसीमधले व्हेक्टर अवघ्या ३२ केबी मेमरीचे आहेत. ते जरूर चालवावेत, पण खऱ्या आकारात काय होते हे त्यांतून कळत नाही. त्यासाठी ६४ एमबीचे स्वतःचे व्हेक्टर काढून दुसऱ्या स्वतंत्र लायब्ररीशी ताडून पाहावे लागतात. ओपनएसएसएलमध्ये हा पर्याय २०२३ च्या ३.२ आवृत्तीपासूनच आहे, तेव्हा बाहेरच्या लायब्ररीवरचे अवलंबित्व एकाने वाढते हे मान्य करूनच तो घ्यावा.

तिन्हींना सारख्याच लागू पडणाऱ्या, पण सर्वाधिक चुकणाऱ्या चाचण्या वेगळ्याच आहेत. चुकीच्या पासवर्डाची चाचणी सीबीसी या एन्क्रिप्शन पद्धतीवर लिहिली, तर भरणीची (शेवटचा ठोकळा पुरा करायला जोडलेल्या बाइटांची) तपासणी साधारण २५६ मध्ये एकदा योगायोगाने पार होते. मग दरवेळी नवे सॉल्ट घेणारी चाचणी अधूनमधून कारणाशिवाय नापास होते आणि चमू तिच्याकडे दुर्लक्ष करायला शिकतो. जीसीएमसारखी सत्यता तपासणारी पद्धत वापरली की हा प्रश्नच राहत नाही. फाइलीत लिहिलेल्या आवर्तनांना आणि मेमरीला वरची मर्यादा हवी, नाहीतर कोणीतरी मुद्दाम बनवलेली फाइल संगणक अडकवून ठेवेल.

आणि देवनागरी. ‘सातपुड्याच्या दऱ्या’ असा पासवर्ड घ्या. त्यातला ‘ऱ’ एकाच संकेतांकाने (युनिकोडमधल्या क्रमांकाने) लिहिता येतो किंवा ‘र’ आणि नुक्ता अशा दोन संकेतांकांनी. एनएफसी सामान्यीकरण (एकाच अक्षराचे वेगवेगळे क्रम एका ठरावीक रूपात आणणे) केले की हे दोन्ही एक होतात. पण काही कीबोर्ड ‘र’, हलन्त आणि अदृश्य जोडक असा तिसरा क्रम देतात. पडद्यावर अक्षर तेच दिसते, बाइट वेगळे असतात आणि एनएफसी त्यांना एकत्र आणत नाही. पासवर्डाचे कोणते रूप घ्यायचे हा नियम आधीच ठरवून त्याची चाचणी लिहा, कारण फाइली बाहेर गेल्यावर तो बदलता येत नाही.

माझा कौल असा : नव्या फाइली ६४ एमबीच्या आर्गॉन२आयडीने लिहाव्यात, बाहेरची लायब्ररी घेणे अशक्य असेल किंवा ग्राहकाला अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेने मान्य केलेली पद्धतच हवी असेल, तर ६,००,००० आवर्तनांचा पीबीकेडीएफ२. दोन्हींपैकी काहीही निवडा, प्रत्येक आवृत्तीने लिहिलेली एक खरी फाइल चाचणीच्या फोल्डरमध्ये ठेवा आणि पुढच्या प्रत्येक आवृत्तीला ती उघडायला लावा.